टेस्टोस्टेरॉन पूरक उपचार : संप्रेरक शरीरात पोहोचवण्याच्या पद्धती

वृषणांतून पुरेसे टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य पुरुषी संप्रेरक, तयार होत नसेल, तर ते बाहेरून देण्याचा उपचार. इंजेक्शन, जेल, कॅप्सूल, पॅच, कातडीखाली ठेवायची गुटी अशा वेगवेगळ्या वाटांनी हे संप्रेरक दिले जाते. औषध सगळीकडे तेच. रक्तातली पातळी किती स्थिर राहते, परिणाम किती दिवस टिकतो आणि ती पद्धत त्या माणसाच्या घरात, कामाच्या वेळांत बसते का, यांत फरक पडतो. मुंबईत हा शेवटचा मुद्दा आधीच्या दोहोंइतकाच वजनदार आहे.

निदान पक्के झाल्याशिवाय पद्धतीची चर्चा करू नये. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असते आणि दिवस चढेल तसे उतरते, म्हणून रक्त सकाळी, शक्यतो उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासतात. अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशनच्या निकषानुसार पातळी दर डेसिलिटरला ३०० नॅनोग्रॅमहून कमी आणि जोडीला लक्षणेही असतील, तरच ती कमतरता. कामेच्छा ओसरणे, सकाळची ताठरता जाणे, दाढी विरळ होणे, हाडे ठिसूळ होणे ही ती लक्षणे. नुसत्या थकव्यावर उपचार सुरू करणे चूक आहे. विरारहून चर्चगेटला रोज उभ्याने ये-जा करणाऱ्याची झोप अपुरी असते. वाढलेले वजन आणि मधुमेह यांनीही पातळी खाली येते. ते आधी पाहावे. परळच्या केईएम रुग्णालयात अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांसाठी स्वतंत्र विभाग आहे.

१९३५ साली ॲम्स्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकूर यांच्या गटाने बैलाच्या वृषणांतून शुद्ध टेस्टोस्टेरॉन वेगळे केले. त्याच वर्षी आडोल्फ बुटेनांट आणि लेओपोल्ड रुझिच्का यांनी ते स्वतंत्रपणे प्रयोगशाळेत बनवले. औषध हाती आले, पण गिळले की ते आतड्यातून थेट यकृतात जाई आणि बहुतेक तिथेच नष्ट होई. रेणूत बदल करून केलेली मिथिलटेस्टोस्टेरॉनची गोळी टिकली, पण तिने यकृतालाच इजा होऊ लागली. यकृताला वळसा कसा घालायचा, हाच या विषयातला मूळ प्रश्न राहिला.

इंजेक्शनमध्ये टेस्टोस्टेरॉनला मेदाम्ल जोडून ते तेलात विरघळवतात. तेलाचा साठा स्नायूत बसतो आणि औषध हळूहळू रक्तात झिरपते. ही तेले आपल्या ओळखीचीच आहेत : तिळाचे, सरकीचे, शेंगदाण्याचे, एरंडेल. सस्टॅनॉन या इंजेक्शनमध्ये टेस्टोस्टेरॉनची अशी चार प्रकारची संयुगे शेंगदाणा तेलात असतात, म्हणून शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याने ते घेऊ नये. एनान्थेट किंवा सायपिओनेट ही अशीच संयुगे आठवड्याला वा पंधरा दिवसांनी देतात. यात चढउतार फार होतो. पहिले दोन-तीन दिवस अंगात जोर, मग पुढच्या तारखेच्या आधी चिडचिड आणि मरगळ, असे अनेक रुग्ण सांगतात. मात्रा अर्धी करून दर आठवड्याला दिली की हा झोका बराच कमी होतो.

अनडेकॅनोएट या संयुगाचे लांब पल्ल्याचे इंजेक्शन वेगळे. १००० मिलिग्रॅम औषध ४ मिलिलिटर एरंडेलात असते. दुसरा डोस ६ आठवड्यांनी, पुढचे १० ते १४ आठवड्यांनी. एरंडेल दाट असल्यामुळे सिरिंजचा दट्ट्या घाईने दाबून चालत नाही. नर्स कुल्ल्याच्या स्नायूत सुई धरून दोन मिनिटे सावकाश औषध सोडते, आणि त्या जागी दिवसभर गोळा आल्यासारखे जड वाटते. क्वचित तेलाचे थेंब रक्तवाहिनीत शिरून फुप्फुसापर्यंत जातात आणि खोकल्याची उबळ येते. अमेरिकेत यासाठी रुग्णाला अर्धा तास थांबवून ठेवण्याचा नियम आहे. वर्षातून चार-पाच फेऱ्या पुरतात, ही कामाच्या माणसाला मोठी सोय. मात्र त्रास झाला तर एकदा दिलेले औषध काढता येत नाही, ओसरायला महिने जातात. म्हणून वयस्कर रुग्णाला सुरुवात जेलने करून देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

जेल अल्कोहोलमध्ये असते. १ टक्का जेलच्या ५ ग्रॅमच्या पुडीत ५० मिलिग्रॅम औषध असते आणि त्यातले जेमतेम दहावा भाग त्वचेतून आत जाते. सकाळी आंघोळ करून, अंग कोरडे पुसून ते खांद्यांवर, दंडांवर किंवा पोटावर लावायचे, वाळू द्यायचे, हात साबणाने धुवायचे आणि वर बाह्यांचा शर्ट घालायचा. वाळेपर्यंत गॅसच्या शेगडीजवळ जायचे नाही. पुढचे काही तास ती जागा भिजू द्यायची नाही. पातळी बरीच एकसारखी राहते, हा जेलचा मोठा गुण.

धोका आहे तो दुसऱ्याच्या अंगाला लागण्याचा. लहान मुलांत अकाली केस येणे, जननेंद्रिय वाढणे असे प्रकार दिसल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली जेलवर ठळक इशारा छापायला लावला. वन रूम किचनमध्ये बाप बनियनवर बसलेला असतो, दोन वर्षांची मुलगी खांद्यावर चढते, रात्री एकाच गादीवर झोप होते. अशा घरात जेल लिहून देण्याआधी डॉक्टरांनी घरात कोण कोण आहे हे विचारायलाच हवे. बायको गरोदर असेल तर विशेषच. मुलांना जवळ घेण्याआधी ती जागा साबणाने धुणे, हा सोपा आणि खात्रीचा उपाय.

अनडेकॅनोएटची कॅप्सूल यकृताला टाळते, कारण तिच्यातले औषध मेदाबरोबर लसिकावाहिन्यांतून (लिम्फच्या नलिकांतून) रक्तात पोहोचते. म्हणजे जेवणात तेलतूप हवेच. पहाटे नुसत्या चहावर किंवा एकादशीच्या उपवासात घेतलेली कॅप्सूल जवळजवळ वाया जाते. डब्याच्या जेवणाबरोबर ती लागू पडते. पॅच घामाने सुटतो आणि कातडीला खाज आणतो. मुंबईच्या दमट हवेत तो कोणाला सुचवावा असे वाटत नाही. तांदळाच्या दाण्याएवढ्या गुट्या छोटा छेद देऊन कातडीखाली ठेवतात, त्या तीन ते सहा महिने पुरतात. नाकातले जेल दिवसातून तीनदा लागते.

पद्धत कोणतीही असो, रक्त दाट होते का हे पाहत राहावे लागते. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचे प्रमाण) ५४ टक्क्यांवर गेले तर उपचार थांबवतात. इंजेक्शनने ते जेलपेक्षा जास्त वेळा वाढते. प्रोस्टेट ग्रंथीसाठी रक्तातले पीएसए हे प्रथिन तपासतात. पातळी मोजण्याची वेळ पद्धतीनुसार बदलते : आठवड्याच्या इंजेक्शनात दोन डोसांच्या मध्यावर, लांब पल्ल्याच्या इंजेक्शनात पुढच्या डोसाच्या अगदी आधी, जेलमध्ये लावल्यावर काही तासांनी. लॅबच्या माणसाला हे सांगितले नाही तर आकडा फसवतो.

ज्याला मूल हवे आहे त्याने यांतली कोणतीच वाट सहसा घेऊ नये. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की मेंदूतली पीयूषिका ग्रंथी वृषणांना संदेश देणे थांबवते आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. जिममध्ये कोणी तरी दिलेली ‘ताकदीची’ इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांच्या बाबतीतही हेच होते, आणि लग्नानंतर तपासणी होईपर्यंत त्यांना ते कळतही नाही. उपचार थांबवल्यावर शुक्राणू परतायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागते. अशा रुग्णांना वृषणांना चालना देणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाची इंजेक्शने किंवा क्लोमिफीनच्या गोळ्या देऊन वृषणांकडूनच संप्रेरक बनवून घेतात.