‘नुसता वास’ इतका त्रास का देतो?

कचराभूमीशेजारी राहणाऱ्यांनी दुर्गंधीची तक्रार केली की अधिकाऱ्यांकडून ठरलेलं उत्तर मिळतं: ‘नुसता वास आहे, त्याने काही होत नाही.’ वस्तीत मात्र नेमकं उलटं बोललं जातं: ‘हा वास नाही, विष आहे.’ दोन्ही बाजू एकमेकींवर चिडलेल्या असतात, पण गृहीतक दोघींचं एकच. किती वास येतो त्यावरून किती विष आहे हे कळतं, असं दोघीही धरून चालतात. विष मोजायचं यंत्र म्हणून नाक फार बेभरवशाचं आहे.

आधी ढिगाच्या आत काय चालतं ते पाहू. ओला कचरा दबला गेला की सुरुवातीचे काही दिवस हवेवर जगणारे जिवाणू तो कुजवतात. आतला प्राणवायू संपला की त्यांचं काम थांबतं आणि प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जिवाणूंची पाळी येते. ते आधी आम्लं बनवतात. त्यातलं ब्युटिरिक आम्ल म्हणजे ओकारीचा आंबूस वास. काही महिन्यांनी मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव जम बसवतात आणि मग वर्षानुवर्षं ढिगातून वायू निघत राहतो. या वायूत साधारण निम्मा मिथेन आणि बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. दोघांनाही वास नाही. सगळी दुर्गंधी उरलेल्या टक्काभर भागातून येते: सडक्या अंड्यांचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड, कुजक्या कोबीसारखे मरकॅप्टन, नाकात झोंबणारा अमोनिया. पाडकामाचा मलबा ओल्या कचऱ्यात मिसळला तर हायड्रोजन सल्फाइड आणखी वाढतो, कारण मलब्यातल्या जिप्सममधलं सल्फेट काही जिवाणूंना आयतंच मिळतं. म्हणूनच काही देशांत जिप्समचे फलक आणि कुजणारा कचरा एकत्र पुरायला बंदी आहे.

म्हणजे ज्याचा वास येतो ते थोडं असतं, आणि जे भरपूर असतं त्याला वास नसतो. इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातल्या लॉस्को गावात 24 मार्च 1986 रोजी सकाळी एक बंगला स्फोटाने उद्ध्वस्त झाला आणि आतले तिघं गंभीर जखमी झाले. जवळच्या बंद झालेल्या कचराभरावातला मिथेन जमिनीखालून सरकत घराखाली साचला होता. स्फोटाआधीच्या काही तासांत हवेचा दाब झपाट्याने उतरला होता. बाहेरचा दाब कमी झाला की जमिनीतला वायू जास्त जोराने वर येतो.

आता नाकाकडे वळू. हायड्रोजन सल्फाइड हवेच्या अब्ज भागांत मोजके काही भाग असला तरी बहुतेकांना ओळखू येतो. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी केलेल्या मार्गदर्शक सूचनांत या वायूला दोन वेगळ्या मर्यादा आहेत. लोकांना वासाचा जाच होऊ नये म्हणून अर्ध्या तासाच्या सरासरीत घनमीटरमागे 7 मायक्रोग्रॅम, आणि आरोग्याच्या दृष्टीने चोवीस तासांच्या सरासरीत 150 मायक्रोग्रॅम. या दोन आकड्यांमधली जागा मोठी आहे आणि कचराभूमीच्या आसपासची वस्ती बऱ्याचदा त्या मधल्या जागेत राहते. हवेचा अहवाल ‘मर्यादेत’ येतो आणि घरात जेवण घशाखाली उतरत नाही. अहवाल खोटा नसतो आणि तक्रारही खोटी नसते.

याच वायूचं प्रमाण दहा लाख भागांत शंभरच्या वर गेलं तर घाणेंद्रिय बधिर होतं आणि वास यायचाच थांबतो. वस्तीच्या हवेत हे प्रमाण येत नाही, पण कचऱ्याचं पाणी साठवणाऱ्या बंद टाकीत उतरणाऱ्या कामगाराला मात्र नाकावर विसंबून चालणार नाही.

आणखी एक अडचण आहे. वायूचं प्रमाण निम्म्यावर आलं म्हणून वास निम्म्यावर येत नाही. नाकाचं गणित लॉगरिदमच्या अंगाने चालतं, त्यामुळे ठळक फरक जाणवायला प्रमाण कित्येक पटींनी खाली यावं लागतं. कंत्राटदार ‘पन्नास टक्के घट केली’ म्हणतो आणि रहिवासी ‘काडीचाही फरक नाही’ म्हणतात, तेव्हा दोघंही खरं बोलत असू शकतात.

वेळेचंही तसंच. रात्री आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला की जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. ढिगातून निघालेला वायू वर न जाता उताराकडे पसरत जातो. पहाटे कोणी खिडकी उघडते आणि लगेच धाडकन बंद करते. वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायला टाकावेत असे झालेले असतात. सकाळी अकरा वाजता पाहणी करायला माणूस येतो तोवर ऊन तापलेलं असतं, हवा ढवळलेली असते आणि त्याला काहीच येत नाही. शिवाय घाणेंद्रिय सततच्या वासाला काही मिनिटांत सरावतं, त्यामुळे दिवसभर ढिगापाशी काम करणाऱ्याला तो वास फारसा जाणवत नाही. ‘आम्हाला नाही बुवा येत’ हा पुरावा म्हणून कुचकामी आहे.

शरीरावर परिणाम कसा होतो? अमोनियासारखे वायू नाकातल्या आणि डोळ्यांतल्या त्रिशाखी चेतातंतूंना, म्हणजे चेहऱ्यावरची जळजळ आणि टोचणी मेंदूला कळवणाऱ्या नसांना, थेट डिवचतात. त्यातून चुरचुर, खोकला आणि घशातली खवखव होते. बाकी दुर्गंधीचा मार्ग वेगळा आहे. वासाचे संदेश भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांकडे फार जवळच्या वाटेने जातात, आणि कुजल्याचा वास म्हणजे ‘इथून निघ’ हा फार जुना इशारा आहे. मळमळ, भूक मरणं, डोकं जड होणं हे त्या इशाऱ्याचेच भाग. कचराभूमीशेजारच्या माणसाला निघून जाता येत नाही आणि तो इशारा तर रोज येतो. त्यातून चिडचिड, झोप न लागणं आणि ताण येतो. खिडक्या बंद राहतात, संध्याकाळचं फिरणं सुटतं, पाहुण्यांना बोलवायची लाज वाटते. यातलं काहीच रक्ताच्या तपासणीत दिसत नाही.

वास कशाचा आहे याबद्दलची समजूतही परिणाम घडवते. वास आणि चवीवर संशोधन करणाऱ्या फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेत पामेला डाल्टन या संशोधिकेने 1996 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वेगवेगळ्या गटांना एकच वास दिला गेला. तो अपायकारक आहे असं ज्यांना सुचवलं होतं, त्यांचं नाक त्या वासाला सरावलंच नाही. हा निष्कर्ष ‘सगळे मनाचे खेळ’ म्हणायला सोयीचा पडतो, पण मला त्यातून उलटं दिसतं. माहिती दडवून ठेवली की काळजी वाढते आणि काळजीने त्रास वाढतो.

मग विषाचं काय? न्यूझीलंडमधल्या रोटोरुआ शहरात भूगर्भातून हायड्रोजन सल्फाइड सतत येतो. तिथल्या सोळाशेहून अधिक प्रौढांच्या अभ्यासात या वायूचा दम्याशी संबंध आढळला नाही. पण कचराभूमीतून तेवढा एकच वायू येत नाही. तिथे बेंझीन आणि व्हिनाइल क्लोराइडसारखी कर्करोगकारक रसायनं, धूळ आणि आग लागली तर धूरही असतो. इटलीतल्या लात्सियो प्रांतात नऊ कचराभरावांच्या पाच किलोमीटर परिसरातल्या 2 लाख 42 हजारांहून अधिक रहिवाशांच्या नोंदी तपासल्या गेल्या. हायड्रोजन सल्फाइड हा सगळ्या प्रदूषणाचा माग म्हणून धरला, तेव्हा जास्त प्रमाणाच्या भागात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू आणि श्वसनविकारांसाठी रुग्णालयात दाखल होणं, विशेषतः मुलांचं, जास्त आढळलं. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या मोठ्या अभ्यासात कचराभरावांपासून दोन किलोमीटरच्या आतल्या वस्तीत कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण सुमारे 5 टक्क्यांनी जास्त निघालं, जन्मजात दोषांचं 1 टक्क्याने. मात्र काही दोष भराव सुरू होण्याआधीही तिथे जास्तच होते. ढिगांजवळ बहुधा गरीब माणसं राहतात आणि गरिबीचे आजार कचऱ्याच्या आजारांपासून वेगळे काढणं अवघड असतं. माझं मत विचाराल तर धोका आहे, तो घाबरवणाऱ्या अफवांइतका मोठा नाही, पण झटकून टाकण्याइतका लहानही नाही.

उपायांमध्ये सगळ्यात निरुपयोगी म्हणजे ढिगावर सुगंधी द्रव्य फवारणं. रहिवाशांना मग दोन वास सहन करावे लागतात. रोजच्या कचऱ्यावर त्याच दिवशी मातीचा थर, ढिगात नळ्या घालून वायू ओढून जाळणं आणि मुळात ओला कचरा तिथे न नेणं, हे खरे उपाय. वास मोजायची पद्धतही आहे. पिशवीत आणलेली हवा स्वच्छ हवेत मिसळत पातळ करतात आणि निवडलेल्या परीक्षकांपैकी निम्म्यांना वास येईनासा होईपर्यंत ती किती पट पातळ करावी लागली ते नोंदवतात.

तेवढी सोय नसली तर वही पुरते. तारीख, वेळ, वास कसा होता, किती वेळ टिकला, वारा कुठून होता, घरात कोणाला काय झालं, एवढं प्रत्येक वेळी लिहायचं. अनेक घरांच्या वह्या वाऱ्याच्या नोंदींशेजारी ठेवल्या की वास ढिगाच्या कोणत्या बाजूने आणि कोणत्या वेळी निघतो ते बऱ्यापैकी दिसतं, आणि पाहणीला येणाऱ्याला अकराऐवजी पहाटे पाचला बोलावता येतं.