सीलर आणि प्रायमर: लाकडी जहाज रंगवण्याआधीचे दोन वेगळे हात

जहाजाची पहिली लाकडी प्रतिकृती करायला घेतलेल्या अनेकांना सँडिंग सीलर आणि प्रायमर ही एकाच वस्तूची दोन नावे वाटतात. तसे वाटणे स्वाभाविक आहे, कारण दोन्ही रंगाच्या आधी लावतात आणि दोन्ही वाळल्यावर पॉलिश पेपरने हलके घासतात. मात्र सीलर लाकडासाठी असतो आणि प्रायमर रंगासाठी.

सीलर जवळजवळ पारदर्शक असतो. त्याचा पहिला हात लाकडात मुरतो आणि रंध्रे बंद करतो. लिंडन किंवा बाल्सासारख्या मऊ लाकडावर पाण्यातला ॲक्रिलिक रंग थेट लावला, तर पृष्ठभागावरचे बारीक तंतू पाणी पिऊन फुगतात आणि उभे राहतात. मग आदल्या दिवशी काचेसारखी गुळगुळीत केलेली फळी बोटाला खरखरीत लागते. सीलरमुळेही तंतू थोडे उठतात, पण ते तिथेच ताठ होऊन बसतात आणि ३२० किंवा ४०० नंबरच्या कागदाने अलगद कापले जातात. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा पातळ हातही हेच काम चांगले करतो.

प्रायमर अपारदर्शक असतो आणि मुख्यतः पृष्ठभागावरच राहतो. वरच्या रंगाला धरून ठेवणे आणि त्याच्याखाली सगळीकडे एकच छटा देणे ही त्याची कामे आहेत. गडद अक्रोडाची पट्टी, लांबी (पुटी) भरलेली फट आणि फिकट लाकूड यांवर एकच पिवळा रंग तीन तऱ्हांचा दिसतो, प्रायमरवर मात्र तो एकसारखा बसतो. माझ्या मते राखाडी प्रायमरचा सर्वांत मोठा उपयोग निराळाच आहे: जहाजाचे अंग दिव्याखाली तिरके धरले की दोन फळ्यांमधला केसाएवढा उंचवटाही त्यावर स्पष्ट दिसतो आणि रंग चढण्याआधी तो दुरुस्त करता येतो.

माझ्या पहिल्या जहाजाला मी सीलर न लावता थेट पांढरा प्रायमर दिला होता. लाकडाने तो शोषून घेतला, लांबीच्या जागी तो वरच राहिला, आणि हा फरक झाकण्यासाठी मी एकावर एक चार हात दिले. पृष्ठभाग अखेर सपाट झाला, पण फळ्यांमधल्या ज्या बारीक रेषांसाठी एवढा खटाटोप केला होता, त्या बुजून गेल्या. १:६४ या प्रमाणात ०.२ मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या जहाजावर जवळजवळ १३ मिलिमीटर जाडीचा लेप होतो, हे लक्षात घेतले की रंध्रे बुजवण्याचे काम प्रायमरवर का टाकू नये ते समजते. आधी सीलरचे एक-दोन हात, घासणे, धूळ नीट पुसणे आणि मग प्रायमरचा एकच पातळ हात, एवढे पुरते. दोन्ही डबे वेगवेगळ्या प्रकारचे असतील, तर उरलेल्या पट्टीच्या तुकड्यावर आधी करून पाहावे.

जिथे लाकूडच दिसायला हवे, उदाहरणार्थ डेकवर, तिथे प्रायमर लावायचाच नाही. सीलर आणि त्यावर मंद चकाकीचे वॉर्निश लावावे. लाकडाला स्टेन, म्हणजे रंध्रांत मुरून छटा देणारा रंग, द्यायचा असेल, तर तो सीलरच्या आधी द्यावा, कारण बंद झालेल्या रंध्रांत तो नीट शिरत नाही आणि डाग पडतात. वाळलेल्या फेव्हिकॉलचा ठिपका राहिला असेल, तर तिथेही हेच होते. तोफांच्या पितळी नळ्यांचे मात्र उलटे आहे. तिथे बुजवायला रंध्रेच नसतात, म्हणून तेलकटपणा पुसून थेट प्रायमर द्यावा.

चिकटवण्याचा क्रमही यावरच ठरतो. पांढरा गोंद लाकडात मुरून पकड घेतो, त्यामुळे सीलर किंवा प्रायमर लावलेल्या जागी तो कच्चा बसतो आणि दोऱ्या ताणताना भाग निखळून येतो. म्हणून दोऱ्या बांधायच्या पट्ट्या जिथे बसणार आहेत, तिथे आधीच मास्किंग टेपची अरुंद पट्टी लावून ठेवावी, किंवा नंतर तेवढाच थर धारदार पात्याने खरवडून कोरे लाकूड उघडे करावे.