सूर्य तापला म्हणून पृथ्वी तापली का?

तापमानवाढीचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, "अहो सगळा सूर्याचा खेळ आहे, माणूस काय करणार!" यात अगदीच तथ्य नाही असं नाही, कारण सूर्य काही कायम एकसारखा तळपत नाही. साधारण ११ वर्षांचं त्याचं चक्र असतं, त्यात सौरडाग वाढतात नि कमी होतात, आणि गंमत बघा, डाग काळे दिसतात तरी ते जास्त असतात तेव्हाच सूर्य जास्त प्रकाश देतो, कारण डागांच्या आसपास जे झगझगीत भाग तयार होतात ते डागांची कसर भरून काढून वर थोडं शिल्लकच टाकतात.

पण थोडं म्हणजे किती? आपल्यापर्यंत दर चौरस मीटरला साधारण १३६१ वॉट पोचतात आणि चक्राच्या दोन टोकांत फरक जेमतेम १ वॉटचा. त्यात पृथ्वी गोल, अर्धी कायम अंधारात, काही प्रकाश ढग नि बर्फ परत पाठवतात, म्हणजे त्या १ वॉटमधले हातात पडतात ०.२ वॉटच्या आसपास. तापमानात त्याने ०.१ अंशाचा वगैरे फरक पडतो. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा मात्र २ वॉटच्या वर गेलाय, आणि तो वरखाली होत नाही, नुसता वरच.

मग लोक माउंडर मिनिमम नावाच्या काळाचा दाखला काढतात. त्या काळात, म्हणजे १६४५ ते १७१५, सौरडाग जवळपास गायब होते आणि युरोपात कडाक्याची थंडी होती, हे खरंय. पण ती थंडी डाग गायब व्हायच्या कितीतरी आधी सुरू झालेली, आणि तिच्यात मोठमोठ्या ज्वालामुखींचाही हात होता, त्यामुळे सगळं सूर्याच्या माथी मारणं बरोबर नाही.

१९७८ पासून उपग्रह सूर्याचं तेज सतत मोजतायत. त्यात वाढ दिसत नाही. उलट २००८ च्या शेवटी सुरू झालेलं चक्र तर शंभरेक वर्षांतलं सगळ्यात मरगळलेलं निघालं, तरी तेच दशक तोवरचं सगळ्यात उष्ण ठरलं!

मला स्वतःला सगळ्यात पटणारा पुरावा वेगळाच वाटतो. सूर्यच जास्त तापला असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं ना? पण जमिनीलगतची हवा तापतेय आणि वातावरणाचा वरचा थर, म्हणजे स्ट्रॅटोस्फिअर, गार होत चाललाय. कार्बन डायऑक्साइड वाढला की नेमकं असंच होतं, खाली उष्णता अडकते आणि वरच्या विरळ हवेतून ती आणखी सहज अवकाशात निसटते.