कण्हेर, रुई आणि हृदयातला सोडियमचा पंप

‘हृदय बळकट करणाऱ्या वनस्पती’ अशा मथळ्याचा मजकूर पुण्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर अधूनमधून फिरत असतो. परवा आलेल्या यादीत अर्जुन, लसूण आणि आवळा यांच्या पंगतीला चक्क कण्हेर बसवलेली होती, आणि खाली नेहमीची ओळ: ‘वनस्पती असल्यामुळे कोणताही अपाय नाही.’ तळजाईवर रोज फिरायला येणारी, चांगली शिकलेली मंडळीही असे मजकूर न वाचता पुढे पाठवतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

कण्हेरीचा हृदयावर परिणाम होतो, हे खरंच आहे. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे आपली बिट्टी, रुई, टेकड्यांवरचा रानकांदा या सगळ्यांत कार्डियाक ग्लायकोसाइड गटातली द्रव्यं असतात. युरोपातल्या डिजिटॅलिस या झाडातही तीच. इंग्लंडमधल्या विल्यम विदरिंग या डॉक्टरांनी अंगावर पाणी चढलेल्या रोग्यांसाठी वापरला जाणारा एक गावठी पाला तपासला. वीसेक वनस्पतींच्या त्या मिश्रणात खरं काम डिजिटॅलिसच करते हे त्यांनी ओळखलं आणि १७८५ साली आपले अनुभव पुस्तकात मांडले. कोणाला गुण आला, कोणाला उलट्या झाल्या, कोण दगावलं, सगळं त्यात आहे. पानं फुलोऱ्याच्या वेळी तोडायची, वाळवून भुकटी करायची, मात्रा अगदी थोडी ठेवायची, हेही त्यांनीच ठरवून दिलं.

आता ही द्रव्यं नेमकं काय करतात ते बघू. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात एक प्रथिन बसवलेलं असतं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या द्रव्याचा एक रेणू खर्चून ते सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतं आणि पोटॅशियमचे दोन आत घेतं. हाच सोडियमचा पंप. हे विकर (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या नसांवर काम करताना शोधलं आणि १९५७ साली जगापुढे ठेवलं. त्यासाठी १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. या पंपामुळे पेशीबाहेर सोडियम भरपूर आणि आत अगदी कमी, असा उतार कायम राहतो.

हृदयाच्या स्नायूपेशीत त्या उताराला आणखी एक काम असतं. ठोका पडतो तो कॅल्शियममुळे. प्रत्येक ठोक्याला पेशीत कॅल्शियम वाढतं, स्नायू आकुंचन पावतो. मग सैल पडायचं तर ते कॅल्शियम तिथून हटवावं लागतं. बरंचसं पेशीतल्याच साठ्यात परत जातं, उरलेलं बाहेर टाकावं लागतं. पण विश्रांतीच्या वेळी आतल्यापेक्षा बाहेर कॅल्शियम सुमारे दहा हजार पट जास्त असतं, त्यामुळे हे चढावरचं काम आहे. ते करणारं दुसरं प्रथिन स्वतः एटीपी वापरत नाही. ओढ्याच्या पाण्यावर पाणचक्की फिरावी तसं ते आत धावणाऱ्या सोडियमवर चालतं: तीन सोडियम आत, एक कॅल्शियम बाहेर.

ग्लायकोसाइड पहिल्या पंपाला बाहेरच्या बाजूने चिकटतं आणि तो पंप बंद पाडतं. काही पंप थांबले की आत सोडियम थोडं साचतं, उतार कमी होतो, कॅल्शियम बाहेर टाकणं मंदावतं. ते आतल्या साठ्यात जमा होतं आणि पुढच्या ठोक्याला जास्त कॅल्शियम सुटतं. ठोका जोरकस होतो. म्हणजे हे बळ येतं ते पंपाला बसलेल्या विषबाधेतून. मूठभर पंप अडले तर औषध. त्याहून जास्त अडले की कॅल्शियमचा साठा ओसंडतो, अवेळी ठोके पडू लागतात, आणि हृदय बंदही पडतं.

डिजिटॅलिसपासून काढलेलं डिगॉक्सिन आजही वापरात आहे, आणि आजही ते शेतात वाढवलेल्या झाडापासूनच मिळवतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ६,८०० रुग्णांच्या चाचणीत त्याने मृत्यू कमी केले नाहीत, पण हृदय कमकुवत होऊन रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण कमी केलं. गोळी असते पाव मिलिग्रॅमची. रक्तात हवी ती पातळी मिलिलिटरला एका नॅनोग्रॅमच्या आतबाहेर, आणि दोनच्या वर धोका. आता सांगा, दुभाजकावरच्या कण्हेरीच्या पानात किती द्रव्य आहे हे काढा उकळणाऱ्याला कसं कळणार? ते झाडागणिक, ऋतूगणिक बदलतं. बिट्टीच्या बियांमुळे श्रीलंकेत इतक्या विषबाधा झाल्या की तिथल्या डॉक्टरांना मेंढ्यांच्या रक्तापासून बनवलेल्या, विषाला धरून निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडांची चाचणी घ्यावी लागली.

पंपाला चिकटण्याच्या बाबतीत पोटॅशियम आणि ग्लायकोसाइड यांची स्पर्धा असते. रक्तात पोटॅशियम कमी असेल तर तेवढ्याच मात्रेत विष जास्त चढतं. लघवी वाढवणाऱ्या बऱ्याच गोळ्या पोटॅशियम घालवतात. घराघरातलं ज्येष्ठमधही फार दिवस नेमाने घेतलं तर मूत्रपिंडावाटे पोटॅशियम घालवतं. खोकल्याचा काढा आणि हृदयाची गोळी यांचं भांडण होऊ शकतं ते असं.

रुईवर मात्र बिबळ्या कडवा फुलपाखराच्या अळ्या खुशाल चरतात. वेताळ टेकडीवर उतारालगतच्या रुईच्या पानामागे त्यांचे काळे-पिवळे पट्टे दिसतात. त्यांचा अमेरिकेतला भाऊबंद मोनार्क. त्याच्या पंपाच्या प्रथिनात मोक्याच्या तीन जागी अमिनो आम्लं बदललेली आहेत, त्यामुळे ग्लायकोसाइड तिथे नीट चिकटत नाही. तेच तीन बदल २०१९ साली फळमाशीत करून पाहिले, तर माश्याही विषाला दाद देईनाशा झाल्या. आपल्या हृदयाच्या पंपात असे बदल नाहीत.

अर्जुनाची गोष्ट वेगळी. त्याची साल दुधात उकळून देण्याचा क्षीरपाक जुना आहे आणि तो कण्हेरीसारखा घातक नाही. पण दिल्लीच्या एम्समधल्या नियंत्रित चाचणीत, आधीपासूनच औषधं चालू असलेल्या हृदय-अकार्यक्षमतेच्या रुग्णांत, सालीच्या अर्काने हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद वाढलेली दिसली नाही. अर्जुन घ्यायचा असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालून घ्या, आणि चालू गोळ्या बंद करून तर मुळीच नको.

घरात कोणी डिगॉक्सिनवर असेल आणि त्यांना जेवण नकोसं होऊ लागलं, मळमळलं, वस्तू पिवळसर दिसू लागल्या किंवा नाडी मंदावली, तर ‘पित्त झालं असेल’ म्हणून आल्याचा रस देत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, आणि रुग्ण घेत असलेले सगळे काढे, चूर्णं नि गोळ्या सोबत घेऊन जा.