गहाळ मूल्ये दाखवणे (प्रोग्रॅमिंग)

नोंदीत एखादी माहितीच नसेल तर तिच्या जागी पडद्यावर किंवा छापील यादीत काय दिसावे, हे कोडमध्ये एकदाच ठरवून ठेवण्याची पद्धत. माहितीचा अभाव दाखवणारा ‘नल’ संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेत आणला. पुढे २००९ मध्ये त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले.

समजा, बडोद्यातल्या एका गणेश मंडळाची वर्गणीची यादी आहे. रावपुऱ्यातल्या एका घरून ५०१ रुपये आले, दांडिया बाजारातल्या एका घरी अजून कोणी गेलेलेच नाही. या दुसऱ्या घरापुढे ० छापले तर त्यांनी वर्गणी नाकारली असे दिसते, आणि ‘नल’ छापलेली यादी फलकावर लावायची कशी? तिथे ‘नोंद नाही’ हवे. पण त्यासाठी रकान्यागणिक इफ-एल्स (‘असेल तर हे, नसेल तर ते’ अशी अट) लिहीत बसले की एखादा हमखास सुटतो.

यावरचा रूढ उपाय म्हणजे ?? हे चिन्ह: डावीकडे मूल्य असेल तर ते, नसेल तर उजवीकडचे. सी शार्प या भाषेत ते २००५ पासून आहे, पीएचपीत २०१५ पासून, जावास्क्रिप्टमध्ये २०२० पासून. जावास्क्रिप्टमध्ये त्याआधी || (‘किंवा’चे चिन्ह) वापरत. ते शून्यालाही रिकामे समजते, त्यामुळे खरोखर ० असलेल्या घरापुढेही ‘नोंद नाही’ उमटते. पायथनच्या ‘ऑर’चीही हीच खोड. उलट ‘नॅन’ (आकडेमोड फसली की मिळणारे मूल्य) हा आकडा ?? च्या तावडीत सापडत नाही. तो वेगळा तपासावा लागतो.

खरी अडचण मूल्यांच्या प्रकारांची (आकडा, मजकूर वगैरे) आहे. स्विफ्ट भाषेत आकड्याला ?? लावून पुढे मजकूर दिला की कंपायलर (कोड तपासून यंत्रभाषेत नेणारा प्रोग्रॅम) अडतो, आवृत्ती ६.२ पासून वाक्यात मूल्य गुंफतानाच पर्यायी मजकूर देता येतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ?? सारखेच काम करणारे ‘कोअलेस’ वापरण्याआधी आकड्याचा मजकूर करावा लागतो, आणि त्या मजकुरावर क्रम लावला तर १००१ हे ५०१ च्या आधी येते. म्हणून क्रम आणि बेरीज मूळ रकान्यावर करावी, पर्यायी मजकूर अगदी शेवटी, छापताना घालावा. पायथनच्या पांडाज या लायब्ररीत रिकाम्या जागा भरणाऱ्या ‘फिलएनए’ने विदेतच मजकूर भरण्यापेक्षा तक्ता बाहेर काढताना ‘एनए-रेप’ (रिकाम्या जागी छापायचा मजकूर) देणे बरे.

नावांना मात्र हा नियम लावू नये. वडिलांचे किंवा पतीचे नाव नसेल तर मधे ‘नोंद नाही’ घालणे हास्यास्पद दिसते, आणि नुसते रिकामे सोडले तर दोन स्पेस पडतात. रिकामे भाग आधी गाळावेत, उरलेले एका स्पेसने जोडावेत.