मुंबईशी नातं जुनं, खाडीपलीकडच्या गावाशी नवं

कोकणात आज कुणी कोकमावर प्रक्रिया करून गावातच रोजगार उभा करतं, कुणी कासवांची घरटी राखता राखता पाहुण्यांची सोय करतं, तर वेंगुर्ल्यात बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. या मंडळींना हल्ली सामाजिक उद्योजक म्हणतात आणि ‘एकमेकांशी जोडून घ्या’ असा सल्ला त्यांना हमखास मिळतो. सल्ला चांगलाच आहे. पण कोकणी माणसाला जोडणी नवी आहे, असं त्यात धरून चाललेलं असतं. जोडणी होतीच, फक्त तिची वाट एकच होती, मुंबईची.

याला किनारपट्टीची रचनाच कारण. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री यांच्या खाड्यांनी किनारा जागोजागी तोडलेला. पूल नव्हते त्या काळात आगबोटीने मुंबई गाठणं हे पलीकडच्या तालुक्यात जाण्यापेक्षा सोपं वाटावं, अशी स्थिती. गिरण्यांत लागलेल्या चाकरमान्यांनी गिरगाव, परळ, लालबागेत गावाच्या नावाने खोल्या घेतल्या, मंडळं काढली, वर्गणी गोळा करून गावी शाळा आणि देवळं बांधली. धोंडो केशव कर्व्यांनी आपल्या मुरूड गावासाठी वर्गणीतून उभारलेला ‘मुरूड फंड’ याच परंपरेतला. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. एकेकटीला बँकेने दारात उभं केलं नसतं.

गावाकडेही कामं झाली, आणि मोठी झाली. देशातली पहिली मच्छीमार सहकारी संस्था १९१३ साली रत्नागिरीजवळच्या कर्ल्यात निघाली. आप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ मध्ये कणकवलीला गोपुरी आश्रम उभारून मेलेल्या जनावरांचं चामडं, सफाई, खत ही हलकी मानलेली कामं प्रतिष्ठेची केली. देवरुखला इंदिराबाई हळबे यांनी १९५४ साली मातृमंदिर ही आरोग्यसेवा देणारी संस्था सुरू केली. तरी एका गावचा अनुभव दुसऱ्या गावाच्या हिशेबात क्वचितच जमा झाला. माणूस थकला की काम थकायचं. याचा दोष मी कुणाला देणार नाही. भेटायचं म्हटलं तरी दिवस मोडायचा.

हे बदललं ते आधी वाहतुकीमुळे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. २००३ मध्ये दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली आणि दापोली-गुहागर हा लांबचा वळसा वाचला. पुढे वेसवी-बागमांडला फेरीही आली. मंडणगड तालुक्यातलं वेळास याच फेरीने हरिहरेश्वरच्या बाजूला जोडलं गेलं.

वेळासचा प्रयोग इथे नीट पाहण्यासारखा आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी कुंपणात राखायला सुरुवात केली. पण अंडी चोरीला जाणं नुसत्या पहाऱ्याने थांबत नाही. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येऊ लागले, गावकऱ्यांनी त्यांना घरात उतरवलं, जेवायला घातलं, आणि कासव जिवंत राहण्यात गावाचा चार पैशांचा फायदा दिसू लागला. मग ही रीत आंजर्ल्यासारख्या इतर किनाऱ्यांवर गेली. राखणीला कोण ठेवायचा, पाहुण्यांचे दर किती, गर्दी कशी आवरायची, हे सगळं नव्या गावाला पहिल्यापासून ठेचा खात शिकावं लागलं नाही. जोडणीचा खरा फायदा हा एवढाच, आणि तो पुरेसा आहे.

हापूसची गोष्ट मात्र उलटी. भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरू देणारी सरकारी नोंद, त्यासाठी देवगड आणि रत्नागिरी दोघांनाही आपलं नाव वेगळं हवं होतं. त्या ओढाताणीत वर्षं गेली. अखेर २०१८ मध्ये दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि बागायतदारांच्या संस्था यांच्या नावे कोकणच्या हापूसला एकत्र मानांकन मिळालं. वाशीच्या बाजारात कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून खपवला जातो, ही बागायतदारांची तक्रार त्याने संपलेली नाही. पेटीवर कुणी कुठलं नाव छापलंय हे बाजारात उभं राहून बघणं एका तालुक्याच्या संस्थेला झेपणारं नाही, आणि मानांकनाचा शिक्का वापरायचा तर प्रत्येक बागायतदाराने आपली नोंदणी करून घ्यावी लागते.