जोडीचं ध्यान आणि दहा सेकंदांचा झोका

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक पत्रक आलं. पार्ल्यात रविवारी सकाळी ‘युगुल ध्यान शिबिर’. समोरासमोर बसायचं, एकमेकांच्या डोळ्यांत बघत सोबत श्वास घ्यायचा. त्यामुळे म्हणे हृदयातली ‘चुंबकीय ऊर्जा’ समोरच्याच्या हृदयात उतरते आणि दोघांची लय एक होते. आता हृदयाला चुंबकीय क्षेत्र असतं, हे खरं. सोबत श्वास घेणाऱ्यांच्या हृदयाची लय जुळते, हेही खरं. खोटा आहे तो मधला ‘त्यामुळे’.

चुंबकाचं आधी उरकून टाकू. हृदयाचं हे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा काही लाख पटींनी क्षीण असतं. कुलाब्याच्या वेधशाळेत पूर्वी पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या नोंदी बिघडणार हे दिसत होतं, म्हणून 1904 साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. ट्रामपुढे जिथे साक्षात पृथ्वीने हात टेकले, तिथे 25,000 व्होल्टच्या लोकलशेजारी, पार्ल्याच्या हॉलमध्ये, काकांचं हृदय काकूंना चुंबकाने काय कळवणार?

खरी गंमत वेगळीच आहे. मनगटावर बोटं ठेवून नाडी बघा. श्वास घेताना ती किंचित जलद होते, सोडताना मंदावते. कार्ल लुडविग या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1847 मध्येच कुत्र्यावरच्या प्रयोगात हे टिपलं होतं. हृदयातला पेसमेकर, म्हणजे ठोक्यांची लय ठरवणारा नैसर्गिक पेशीसमूह, मोकळा सोडला तर मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देईल. त्याला लगाम घालून सत्तरवर आणते ती व्हेगस नावाची चेता. तिचा उगम मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत. श्वासाचं केंद्रही तिथेच. श्वास आत येताना लगाम सैल पडतो, बाहेर जाताना पुन्हा आवळला जातो. व्हेगसच्या टोकाशी स्रवणारं ॲसिटिलकोलीन हे रसायन झटकन काम करतं आणि झटकन नष्टही होतं, म्हणून हा खेळ दर श्वासाला चालू शकतो.

आता जरा नेट लावून वाचा, कारण माझा आवडता भाग पुढे आहे. मानेतल्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत रक्तदाबाचे संवेदक असतात. दाब चढला की ते लंबमज्जेला कळवतात, हृदय मंदावतं, रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. पण या सगळ्याला सुमारे 5 सेकंद लागतात. तोवर दाब जरा जास्तच उतरलेला असतो. मग उलटी दुरुस्ती, तिलाही तेवढाच वेळ. गीझरचा नळ आपण असाच फिरवत बसतो ना, पाणी गरम झालं, कमी कर, फारच गार झालं, वाढव! म्हणून रक्तदाब सतत साधारण 10 सेकंदांचे हेलकावे घेत असतो. एरवी आपण मिनिटाला 12 ते 18 श्वास घेतो, त्याचं या हेलकाव्याशी काही जमत नाही. श्वास मिनिटाला 6 वर आणला की मात्र एक श्वास बरोबर 10 सेकंदांचा होतो. झोपाळा मागे यावा आणि नेमका तेव्हाच धक्का मिळावा, तसं. नाडीचा चढउतार चांगलाच मोठा होतो आणि दाब सांभाळणारी ही प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तल्लख होते.

इटलीतल्या लुचानो बेर्नार्दी यांनी 2001 साली 23 निरोगी माणसांना एकदा लॅटिन रोझरी (कॅथलिकांची जपमाळेची प्रार्थना) आणि एकदा ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्र म्हणायला लावलं. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला 6 च्या आसपास आला. म्हणजे व्हेगसला धर्म कळत नाही. रोझरीत अर्धी प्रार्थना एक जण म्हणतो, उरलेली बाकीचे. एकाचं म्हणणं चालू असतं तेव्हा दुसऱ्याला श्वास घ्यायला उसंत मिळते. वांद्र्याला किंवा वसईत ती ऐकलेल्यांना हे सांगायला नको. लोकलच्या भजनी डब्यातही ओळ संपेपर्यंत दम घेता येत नाही, आणि ओळ सगळ्यांची एकच. स्वीडनमध्ये 2013 साली एकसुरात गाणाऱ्यांची हृदयं अशीच सोबत चढता-उतरताना दिसली. ठोक्याला ठोका जुळतो असं नव्हे हं, त्यांचं जलद-मंद होणं जुळतं. आणि त्यासाठी समोर कुणी बसायलाच हवं असंही नाही. एक जण चर्चगेटला, दुसरा पनवेलला, दोघांनी घड्याळ लावून 10 सेकंदांचा श्वास घेतला तरी हेच घडेल.

मग जोडीदार बिनकामाचा? तसंही नाही, त्याचं काम निराळं आहे. जर्मनीत लाइपझिगला तानिया झिंगर यांच्या गटाने 9 महिन्यांचा प्रयोग केला, 3-3 महिन्यांचे सराव. एका सरावात नुसतं श्वासावर आणि शरीरावर लक्ष. बाकीच्या दोन सरावांत इतर ध्यानाबरोबर रोज 10 मिनिटं जोडीने बोलणं. त्यातल्या एकात दिवसभरातला एखादा कठीण क्षण आणि एखादा कृतज्ञतेचा क्षण सांगायचा. दुसऱ्याने फक्त ऐकायचं, सल्ला नाही, मान डोलावणं नाही. मग अदलाबदल. पुढे या लोकांना परीक्षकांसमोर मुलाखत आणि तोंडी गणितं असा ताण देऊन कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक मोजलं. नुसतं लक्ष देणारे म्हणाले, ताण कमी वाटतोय, पण त्यांचं कॉर्टिसोल काही ऐकेना. जोडीचे सराव केलेल्यांत मात्र ताणाने होणारी त्याची वाढ 51 टक्क्यांपर्यंत घटली. निष्कर्ष 2017 मध्ये छापून आले.

त्या प्रयोगात रोजचं बोलणं फोनवरून चालायचं, आणि जोडीदार दर आठवड्याला बदलायचा. पार्ल्याच्या युगुलांना हे कितपत रुचेल, कुणास ठाऊक.